खुणांनी बोलणारे बेट

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याला लागून, अटलांटिक महासागरात ‘मार्थाज व्हिनयार्ड’ नावाचे एक बेट आहे. मुख्य भूमीवरून बोटीने तेथे पोहोचायला पाऊण तास लागतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ या १९७५ च्या गाजलेल्या चित्रपटाचे चित्रीकरण याच बेटावर झाले. क्लिंटन आणि ओबामा हे दोन्ही राष्ट्राध्यक्ष सुटीसाठी येथे येत, त्यामुळे वृत्तपत्रांतून त्याचे नाव अधूनमधून वाचनात येते. आज ते श्रीमंतांचे उन्हाळी विश्रांतिस्थान आहे. मात्र अपंगत्वाचा अभ्यास करणाऱ्यांना हे बेट ठाऊक आहे ते वेगळ्याच कारणासाठी. सुमारे अडीचशे वर्षे या बेटावर जन्मतः बहिऱ्या माणसांचे प्रमाण विलक्षण मोठे होते आणि त्यांच्यासाठी तेथे कोणतीही संस्था नव्हती, कायदा नव्हता, चळवळही नव्हती. ऐकू येणारे शेजारीच खुणांची भाषा बोलत असत.

ही हकीकत जगापुढे आणली ती नोरा एलन ग्रोस या मानवशास्त्रज्ञ संशोधिकेने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बेटावरील वृद्धांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. त्या मुलाखती, जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनींचे दस्तऐवज आणि जुन्या वंशावळी यांचा मेळ घालून त्यांनी लिहिलेला ‘एव्हरीवन हिअर स्पोक साइन लँग्वेज’ हा ग्रंथ १९८५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केला. तोवर बेटावरील परंपरागत बहिरेपणा असलेली शेवटची व्यक्ती निवर्तून तीसहून अधिक वर्षे लोटली होती. ती व्यक्ती १९५२ मध्ये वारली. म्हणजे ग्रोस यांच्या हाती जे लागले ते शेजाऱ्यांच्या आठवणींत उरलेले जग होते. हा मुद्दा लक्षात ठेवला पाहिजे. त्याकडे पुढे वळावे लागेल.

बेटावरील पहिला ज्ञात बहिरा रहिवासी म्हणजे जोनाथन लॅम्बर्ट. व्यवसायाने सुतार आणि शेतकरी असलेला हा गृहस्थ १६९४ मध्ये पत्नीसह बेटावर येऊन स्थायिक झाला. त्याच्या सात मुलांपैकी दोन बहिरी होती. बोस्टनचे न्यायाधीश सॅम्युअल स्युअल १७१४ मध्ये बेटावर आले, तेव्हा हा इंग्रज मनुष्य आपल्याशी चकार शब्द बोलत नाही याचा त्यांना प्रथम राग येऊ लागला होता. मग तो बहिरा असल्याचे कळले. ही नोंद त्यांनी आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. लॅम्बर्ट बेटावर येऊन तोवर वीस वर्षे झाली होती. अनोळखी पाहुण्याला जे खटकले ते गावकऱ्यांना कधीचे अंगवळणी पडले होते, असे यावरून म्हणता येते.

हा बहिरेपणा बेटावर उपजला नव्हता, तो बाहेरून आला होता. बेटावर आलेल्या अनेक कुटुंबांचे मूळ इंग्लंडच्या केंट परगण्यातील ‘वील्ड’ या भागात होते. १६३४ च्या सुमारास आपल्या धर्मगुरूच्या पाठोपाठ तेथील एक समूह मॅसॅच्युसेट्समध्ये आला, तेथून केप कॉडला आणि पुढच्या पिढीत बेटावर. या कुटुंबांत बहिरेपणाचा एक अप्रभावी जनुक दडलेला होता, असे ग्रोस यांचे प्रतिपादन आहे. खुणांची भाषाही केंटहूनच आली असावी, अशी शंका त्यांनी व्यक्त केली आहे. लंडनच्या सॅम्युअल पेपिस याच्या १६६६ च्या दैनंदिनीत एका बहिऱ्या मुलाशी सफाईने खुणांनी बोलणाऱ्या जॉर्ज डाउनिंग या सरदाराचा उल्लेख येतो, आणि डाउनिंगचे शिक्षण झाले होते केंटमधील मेडस्टोन येथे. अर्थात हा पुरावा नव्हे. धागा म्हणून तो मनोरंजक आहे, इतकेच.

अप्रभावी जनुक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. असा जनुक आईबापांपैकी एकाकडूनच मिळाला तर मुलाला चांगले ऐकू येते. तो जनुक त्याच्या शरीरात केवळ मुक्काम करून राहतो. दोघांकडूनही मिळाला तरच मूल बहिरे होते. दोन्ही पालक असे निद्रिस्त वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. मोठ्या समाजात दोन वाहकांची गाठ पडणे दुर्मीळ. परंतु बेटावर, त्यातही बेटाच्या पश्चिमेकडील चिलमार्कसारख्या आडबाजूच्या गावात, पिढ्यान् पिढ्या सोयरिकी त्याच त्या घरांत होत राहिल्या. चुलत-मावस नात्यांचे जाळे घट्ट होत गेले आणि वाहकाची वाहकाशी गाठ वारंवार पडू लागली.

परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सरासरी ५,७२८ माणसांमागे एक जन्मतः बहिरा असे. व्हिनयार्डवर हे प्रमाण १५५ मागे एक होते. चिलमार्कमध्ये २५ मागे एक, आणि चिलमार्कच्याच एका वाडीवर तर चारांत एक. तरीही एकूण संख्या मोठी नव्हती, हेही खरे. तीन शतकांत बेटाच्या वंशात जन्मलेल्या बहिऱ्या व्यक्ती ग्रोस यांना मोजता आल्या त्या किमान ७२. पण छोट्या गावात प्रत्येक घराचा कोणी ना कोणी भाऊ, आत्या, शेजारी किंवा होडीवरचा जोडीदार बहिरा असेल, तर त्या आकड्याचा अर्थ पालटतो. तेथे खुणांची भाषा शिकणे हे परोपकाराचे काम उरत नाही. ती न येणाऱ्याचीच अडचण होते.

ग्रोस यांनी जमवलेले तपशील याच कारणाने वाचनीय आहेत. मुले ही भाषा कोणी मुद्दाम शिकवल्याशिवाय, घरात आणि अंगणात बोलणे शिकतात तशी शिकत. समुद्रावर वाऱ्यात आवाज पोहोचत नाही, तेव्हा दोन होड्यांवरचे कोळी खुणांनी बोलत. त्यांत बहिरा कोणीही नसला तरी. दूरच्या टेकाडावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याशी दुर्बिणीतून पाहात हातवाऱ्यांनी गप्पा मारणारी माणसेही होती. शाळेत शिक्षकांची पाठ वळली की मुलांचे हात चालू लागत. प्रार्थनामंदिरात बहिरा भाविक आपले अनुभवकथन खुणांनी करी. दुकानात बायामाणसे जवळ असली, तर चावट विनोदाचा शेवट पुरुषमंडळी हातांनी करीत, अशीही आठवण वृद्धांनी सांगितली आहे. आणि चारचौघांत एक बहिरा येऊन बसला, तर बाकीचे तोंडाने बोलता बोलता हातही चालवू लागत, म्हणजे त्याला वेगळे सांगत बसायला नको.

मुलाखतींतील एक प्रसंग तर पुढे अपंगत्वविषयक लेखनात पुनःपुन्हा सांगितला गेला. ग्रोस यांनी एका वृद्धेला दोन दिवंगत गावकऱ्यांविषयी विचारले, त्या दोघांत काही साम्य होते का. तिने थोडा विचार करून सांगितले की दोघेही उत्तम मासेमार होते. मग संशोधिकेनेच छेडले तेव्हा कुठे तिला आठवले की दोघेही बहिरे होते. बहिऱ्यांचा उल्लेख अपंग म्हणून केला, तर या वृद्धांना ते मुळीच पटत नसे.

हे केवळ गोड बोलणे होते असे मानायला नोंदी तयार नाहीत. बेटावरील बहिऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांची लग्ने झाली होती. त्या काळी मुख्य भूमीवरील बहिऱ्यांत हे प्रमाण निम्म्यापेक्षा कमी होते. त्यातही बहुतेकांचे जोडीदार ऐकू येणारे होते. ही माणसे शेती करीत, मासेमारी करीत, गावसभांना जात, मालमत्ता बाळगीत आणि त्यांची कमाई शेजाऱ्यांइतकीच असे. एक गंमत अशी की काही बहिरे रहिवासी शेजाऱ्यांपेक्षा अधिक शिकलेले होते. १८१७ मध्ये कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे अमेरिकेतील बहिऱ्यांची पहिली कायम शाळा थॉमस गॅलाउडेट आणि फ्रान्सहून आलेले बहिरे शिक्षक लॉरेंट क्लर्क यांनी सुरू केली. तेथील शिक्षणाचा खर्च मॅसॅच्युसेट्स राज्य उचलीत असे. ऐकू येणारी मुले चार इयत्ता होताच होडीवर जात; बहिरी मुले मात्र अनेक वर्षे शाळेत राहात. तेव्हा टपालाने आलेला एखादा किचकट कागद वाचून घ्यायला लोक आपल्या बहिऱ्या शेजाऱ्याकडे जात.

आपल्याकडे पूर्वी ‘मुका-बहिरा’ असा जोडशब्द सर्रास वापरला जाई, शाळांच्या पाट्यांवरही ‘मूकबधिर’ असे. कालांतराने ‘कर्णबधिर’ हा शब्द आला. यामागे भाषाशुद्धीपेक्षा मोठे तत्त्व आहे. ज्याला भाषा आहे, तो मुका नव्हे. चिलमार्कचा बहिरा मनुष्य मुका नव्हता, कारण त्याचे बोलणे समजणारा समाज त्याच्या भोवती होता. तोच मनुष्य बोटीने मुख्य भूमीवर उतरला की मुका होई. कान दोन्ही ठिकाणी तेच. बदलत होता तो शेजार. ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांनी १९७० च्या दशकात हीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडली. शरीरातील उणीव वेगळी आणि त्या उणिवेमुळे समाज घालतो ते अडसर वेगळे, असे ते तत्त्व होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या अपंग हक्क करारात हाच विचार रुजलेला आहे. त्या विचाराला इतिहासातला चालताबोलता दाखला मिळाला तो व्हिनयार्डच्या रूपाने, आणि म्हणूनच ग्रोस यांचे पुस्तक मानवशास्त्राच्या बाहेरही पोहोचले.

या बेटाकडे पाहणारा दुसरा एक प्रसिद्ध मनुष्य होता आणि त्याने मात्र अगदी उलटा निष्कर्ष काढला. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मूळचे बहिऱ्यांचे शिक्षक. त्यांची आई बहिरी होती, पत्नी बहिरी होती. १८८० च्या दशकात ते चिलमार्कच्या वंशावळी घेऊन बसले. ऐकू येणाऱ्या आईबापांना बहिरी मुले होतात आणि बहिऱ्यांच्या पोटी ऐकू येणारी मुले जन्मतात, याचा उलगडा त्यांना झाला नाही. मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम १८६६ मध्येच छापले गेले होते, पण ते १९०० पर्यंत दुर्लक्षित पडले होते. त्याच सुमारास लिहिलेल्या एका प्रबंधात बेल यांनी इशारा दिला की बहिरे लोक आपसांत विवाह करीत राहिले, तर मानवजातीची एक बहिरी शाखाच निर्माण होईल. त्यावर त्यांचे उपाय असे : बहिऱ्यांची निवासी शाळा नको, बहिरे शिक्षक नकोत, खुणांची भाषा नको. गंमत म्हणजे व्हिनयार्डवर बहिऱ्यांचे विवाह प्रामुख्याने ऐकू येणाऱ्यांशीच होत होते आणि बहिरेपणा तरीही चालू होता. समोरचा पुरावाच सिद्धान्ताच्या विरुद्ध साक्ष देत होता.

बेल एकटे नव्हते. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ओठांवरून बोलणे ओळखण्याची आणि तोंडाने बोलण्याची पद्धतच श्रेष्ठ असा ठराव केला. पुढची कित्येक दशके जगभरच्या शाळांत खुणा करणाऱ्या मुलांचे हात अडवले गेले. त्या ठरावाबद्दल याच परिषदेच्या व्यासपीठावरून खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. ज्या मुलांचे बालपण यात गेले त्यांना आधार देण्याच्या नावाखालीच हे सारे चालले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. अपंगांच्या हितासाठी म्हणून जे केले जाते, ते त्यांना विचारून केले आहे काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

व्हिनयार्डची भाषा बेल यांच्यामुळे संपली नाही. हार्टफर्डच्या शाळेत बेटाची मुले आपल्या खुणा घेऊन गेली; तेथे फ्रेंच खुणाभाषा आणि न्यू इंग्लंडच्या अन्य गावांतील खुणा यांच्याशी त्यांची सरमिसळ झाली. त्यातून घडलेली अमेरिकन खुणाभाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा असल्याचे विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. पण शाळेत गेलेल्या मुलांना बेटाबाहेरचे जोडीदारही भेटू लागले. ज्यांचा बहिरेपणा अन्य कारणांनी आला होता, त्यांच्याशी लग्ने झाली आणि मुले ऐकू येणारी निपजली. बेटावर पर्यटक आले, बाहेरचे रक्त आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहिरे रहिवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यांच्यासोबत भाषाही गेली. शिकण्याचे कारणच उरले नाही, तेव्हा पुढच्या पिढीने ती शिकली नाही. मागे राहिल्या त्या काही वृद्धांच्या बोटांत अडकलेल्या थोड्याशा खुणा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्हिनयार्डला बहिऱ्यांचे रामराज्य ठरवण्याचा मोह अनेकांना झाला आहे. आठवणी सांगणारे सगळे ऐकू येणारे होते. बहिऱ्यांची स्वतःची साक्ष आपल्यापाशी जवळजवळ नाही. शेजाऱ्याला कधी फरक जाणवला नाही, म्हणून ज्याच्यावर तो फरक गुदरत होता त्यालाही तो जाणवला नसेल, असे म्हणता येत नाही. कॅरिबियन समुद्रात कोलंबियाच्या ताब्यातील प्रोव्हिडेन्सिया नावाचे एक बेट आहे. तेथेही बहिऱ्यांचे प्रमाण मोठे होते आणि ऐकू येणारे लोक खुणांनी बोलत. विल्यम वॉशबॉ यांनी त्याचा अभ्यास करून १९८६ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना आढळलेले चित्र बरेच कमी सुखद होते. ऐकू येणारे बहिऱ्यांशी बोलत, पण वडीलकीच्या सुरात. बहिऱ्यांना सांभाळून घेत, पण बरोबरीचे मानीत नसत. भाषा समान असणे ही बरोबरीची पहिली पायरी असू शकते. ती बरोबरी नव्हे. अलीकडच्या काळात स्वतः बहिऱ्या असलेल्या संशोधकांनीही अशा गावांकडे अधिक काटेकोरपणे पाहायला सुरुवात केली आहे आणि ते योग्यच आहे.

मार्थाज व्हिनयार्डवर खुणांची भाषा मावळली त्याच सुमारास अपंगांशी संबंधित दुसरी एक गोष्ट सुरू झाली. १९५३ मध्ये हेलन लॅम्ब या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी फॉल रिव्हर या गिरण्यांच्या शहरातून सेरेब्रल पाल्सी असलेली तीन मुले उन्हाळ्यात बेटावर आणली. त्यातून ‘कॅम्प जॅबरवॉकी’ हे निवासी शिबिर उभे राहिले. अपंगांसाठीचे अमेरिकेतील सर्वांत जुन्या निवासी शिबिरांपैकी ते एक. येथील मदतनीस तरुण वेतन घेत नाहीत. दरवर्षी ४ जुलैच्या मिरवणुकीत शिबिरार्थी नटूनथटून सामील होतात, नाटक बसवतात, समुद्रात उतरतात. चार दशकांनंतरही तीच माणसे दर उन्हाळ्याला परतत राहिली. पहिल्या गोष्टीत आणि या गोष्टीत फरक मात्र ठळक आहे. चिलमार्कचे बहिरे बेटाचेच होते. शिबिराचे पाहुणे काही आठवड्यांसाठी येतात. शिबिर कितीही आपुलकीचे असले, तरी ते वर्षभराच्या शेजाराची जागा घेऊ शकत नाही.

वर्षभराच्या शेजाराचा प्रश्न आज ज्या बेटांवर उभा आहे, तेथे तो वेगळ्या मार्गाने सोडवावा लागतो. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडीत गर्न्सी हे सुमारे ६४ हजार लोकवस्तीचे बेट आहे. ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली असले तरी त्याचे विधिमंडळ स्वतंत्र आहे, त्यामुळे ब्रिटनमधील अपंगांसंबंधीचे कायदे तेथे आपोआप लागू होत नाहीत. छोट्या बेटावर हक्क मागणे अवघड असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, तो मालक आपल्या मुलाच्या शाळेत भेटतो, त्याचा भाऊ दवाखान्यात असतो. एकेका प्रकारच्या अपंगत्वाची माणसे इतकी थोडी असतात की स्वतंत्र संघटना उभीच राहत नाही. शिवाय तज्ज्ञ उपचारांसाठी समुद्र ओलांडावा लागतो. गर्न्सीतील अपंग, त्यांची कुटुंबे आणि लहानमोठ्या संस्था यावर तोडगा म्हणून एका छत्रीसंघटनेत एकत्र आल्या. दृष्टिहीन, बहिरे, चाकाच्या खुर्चीवरचे, मनोरुग्ण असे सारे एका आवाजात बोलू लागले, तेव्हा विधिमंडळाला ते ऐकावे लागले. नोव्हेंबर २०१३ मध्ये अपंगत्व आणि समावेशन यांविषयीचे धोरण संमत झाले.

धोरणापासून कायद्यापर्यंतचा प्रवास मात्र लांबला. खर्च किती येईल, छोट्या दुकानदारांचे काय होईल, अपंगत्वाची व्याख्या किती रुंद असावी, यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट झाला. शेजारच्या जर्सी बेटाने १ सप्टेंबर २०१८ पासून अपंगत्वाच्या कारणाने होणाऱ्या भेदभावावर बंदी आणली. गर्न्सीचा कायदा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. नोकरी देताना, वस्तू वा सेवा विकताना, घर भाड्याने देताना, शाळेत प्रवेश देताना अपंगत्वामुळे कोणाला डावलता येणार नाही, आणि वाजवी सोयी करून द्याव्या लागतील, असे त्याचे सूत्र आहे. इमारतींच्या रचनेत फेरफार करण्याची जबाबदारी मात्र पाच वर्षे पुढे ढकलण्यात आली आहे. जुन्या दगडी घरांच्या उंच पायऱ्या आणि अरुंद दारे असलेल्या सेंट पीटर पोर्ट या राजधानीत दुकानाच्या उंबऱ्याशी थबकणाऱ्या चाकाच्या खुर्चीला त्यासाठी १ ऑक्टोबर २०२८ ची वाट पाहावी लागेल.